जासुदाच्या दोन खुंट्या

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरातल्या एका राज्यात एक जासूद राहत होता. जासूद म्हणजे राजाचे निरोप पायी पोहोचवणारा माणूस.

त्या राज्यात प्रत्येक जासुदाच्या दाराशी दोन खुंट्या असत. एकीवर चालायच्या वहाणा, जाड तळाच्या, दगडधोंड्यांना न जुमानणाऱ्या. दुसरीवर धावायच्या, पातळ, हलक्या आणि घोट्याला पट्ट्यांनी बांधायच्या. रोजचा निरोप असला की पहिली खुंटी, तातडीचा असला की दुसरी. यात डोके चालवण्यासारखे काही नव्हते, आणि जासूदही ते चालवत नसे.

एका दसऱ्याला राजाने खूश होऊन त्याला मानाच्या वहाणा दिल्या. तीनपदरी तळ, लाल रेशमी गोंडे आणि पाऊल टाकले की करकर आवाज. जासूद गल्लीतून निघाला की लोक ओट्यावरून उठून पाहत. बिचारा हुरळून गेला. त्याने धावायच्या जुन्या वहाणा माळ्यावर फेकल्या आणि त्यांच्या खुंटीवर मानाच्या टांगल्या.

पुढे उन्हाळ्यात एका सकाळी राजवाड्यातून हुकूम आला. लुटारूंची टोळी खिंडीतून खालच्या गावाकडे निघाली होती. ती पोहोचण्याआधी गावाने गुरे आत घेऊन वेस बंद करायला हवी होती. वाट उताराची, घोड्याला न जमणारी. जासुदाची लेक त्याच गावात दिलेली होती.

बायको घाईघाईने माळ्यावर चढली आणि जुन्या वहाणा घेऊन खाली आली. "अहो, ह्या घाला. आज मिरवायचं नाही, पळायचंय."

"राजाचा निरोप घेऊन असल्या विटक्या वहाणांत जाऊ? कोण विश्वास ठेवील माझ्यावर?"

"लेक ठेवील की!" बायको ओरडली. पण तोवर करकर दूर गेली होती.

उतार लागला तसे जड तळ घसरू लागले. गोंडे काटेरी झुडपांत अडकू लागले. टाचा सोलवटल्या आणि निम्म्या वाटेवर एक पट्टा तुटला. तरीही जासुदाने वहाणा टाकल्या नाहीत. त्या काखेत मारून तो तापल्या दगडांवरून अनवाणी लंगडत निघाला.

तो पोहोचला तेव्हा वेस सताड उघडी होती. माणसे डोंगरात पळून वाचली होती, पण सगळ्या गावाची गुरे गेली होती. त्याची लेक रिकाम्या दाव्यापाशी बसली होती आणि तिचे मूल दुधासाठी रडत होते.

लेकीने बापाच्या पायांवर पाणी घातले. म्हणाली, "आप्पा, खिंडीत धूळ दिसली, तेव्हा आम्ही सगळे तुमच्याच वाटेकडे बघत होतो."

जासुदाने काखेतल्या वहाणा खाली ठेवल्या आणि तो रडला.

घरी परतल्यावर त्याने जुन्या वहाणा पुन्हा त्यांच्या खुंटीवर टांगल्या. मानाच्या वहाणा शिवून घेतल्या, आणि सणावारी देवळापर्यंत चालत जाताना तो त्या घालू लागला. तेवढ्या वाटेला त्या उत्तम होत्या. राजाही काही शिकला असावा, कारण पुढे त्या राज्यात जासुदाचा मान फेटा देऊन होऊ लागला.

तात्पर्य : पायात काय घालावे हे बघणाऱ्यांना विचारू नये, वाटेला विचारावे.