भिवराची साक्ष

पाटलांची कडब्याची गंजी पेटवल्याबद्दल भिवरा तुरुंगवास भोगून गावी परतली. पण शिक्षा झालेल्याला त्या संस्थानात साक्षही देता येत नसे आणि चावडीत बोलताही येत नसे. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, शिक्षा मी भोगली. आता माझे हक्क परत घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

दिवाण गुरकावले, "गुन्हेगाराच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?"

"दिवाणसाहेब, माझा गुन्हा कुणाच्या साक्षीनं शाबीत झाला?"

"तूच कबूल केलास! दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं."

"मग गंजी पेटवून आलेल्या बाईचा शब्द तुम्ही खरा मानलात, आणि शिक्षा भोगून आलेलीचा खोटा?"

महाराजांनी तिथल्या तिथे तिला माफी देऊन सगळे हक्क परत केले. चावडीतल्या पुढच्या सभेत ती बोलायला उठली, तेव्हा कुजबुजणाऱ्यांना खुद्द पाटलांनीच गप्प केलं.