तीच मुद्रा, पुन्हा

एका नगरात एक वृद्ध चित्रकार राहत असत. कागदावर एकेक चित्र रेखून ते चालते-बोलते करण्यात त्यांची हयात गेली होती. उतारवयात संगणक आला, तेव्हा तरुणांच्याही आधी ते ती विद्या शिकून बसले. सारे त्यांना गुरुजी म्हणत.

त्यांची एक शिष्या होती, शर्वाणी. तिची थोरली बहीण कालिंदी वेटलिफ्टिंगमध्ये राज्याचे सुवर्णपदक जिंकून आली होती. तिच्या सत्कारात शर्वाणीने केलेला छोटा ॲनिमेशनपट दाखवायचे ठरले होते. ताईची ती विजयी उचल शर्वाणी जीव ओतून साकारत होती.

अडचण एकच होती. भार डोक्यावर गेला की पंचांचा इशारा होईपर्यंत तो निश्चल तोलून धरावा लागतो. आधीच ढळला तर उचल बाद. आणि पडद्यावरच्या ताईचे हात वर पोचताच खाली ओघळू लागत. शर्वाणीने मध्ये नवनव्या मुद्रा घालून पाहिल्या. कोपर ताठ केले, मान उंचावली, ओठ आवळले. मग तर हात भलतीकडेच भरकटू लागले. सत्कार उद्यावर आला होता आणि सभागृहात बसणारे सगळे खेळाडूच. जिंकून आलेल्या ताईला आपणच हरवतो आहोत, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

गुरुजी शेजारी येऊन बसले. त्यांनी चित्र एकदा पाहिले आणि मधल्या साऱ्या मुद्रा पुसून टाकल्या.

"गुरुजी! आठवडाभर खपले होते हो मी त्याच्यावर!"

त्यांनी लक्ष दिले नाही. हात वर गेलेल्या क्षणाची की-फ्रेम, म्हणजे मुद्रा ठरवणारी मुख्य चौकट, त्यांनी कॉपी केली आणि काही क्षण पुढच्या जागी जशीच्या तशी पेस्ट केली.

"हे तर तेच आहे," शर्वाणी दुखावून म्हणाली. "यात नवं काय केलंत?"

"काहीच नाही. चालवून बघ."

भार वर गेला आणि तिथेच राहिला. शर्वाणी बघतच राहिली.

गुरुजी म्हणाले, "बाळ, आधी वर आणि नंतर खाली, एवढंच तू सुरुवातीला यंत्राला सांगितलं होतंस. मधली वाट ते आपणच आखतं. म्हणून वर पोचल्या क्षणापासून ते उतरू लागलं. मग तू दर वेळी नवी मुद्रा दिलीस, तर ते तिकडे वळत गेलं. तुला वाटलं, एकदा उंची गाठली की माणूस तिथे आपोआप राहतो. तसं नसतं. जिथे टिकायचं, तिथे तीच मुद्रा पुन्हा घ्यावी लागते. बघणाऱ्याला वाटतं काही घडत नाही. पण टिकणं हे सुद्धा करावंच लागतं."

शर्वाणीने चित्र पुन्हा एकदा चालवले. मग म्हणाली, "पण गुरुजी, ही ताई नाही वाटत. पुतळा वाटतोय."

आणि तिने त्या दुसऱ्या प्रतीत छाती किंचित भरून घेतली, एका श्वासापुरती. हात तसूभरही हलू दिले नाहीत. पडद्यावरची ताई जिवंत झाली.

गुरुजी खुर्चीवरून उठले. "आता इथे माझं काम नाही," एवढेच म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पडद्यावर भार वर गेला आणि सारी सभा श्वास रोखून बसली. पहिल्या रांगेतल्या कालिंदीचे खांदे नकळत ताठ झाले. चित्र संपताच तिने धाकटीला कवेत घेतले. "अगं, माझे दंड भरून आले," ती हसत म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले. टाळ्या थांबेनात.

मागे उभ्या असलेल्या गुरुजींना कोणीतरी विचारले, "ही तुमची शिष्या का हो?"

"होय," गुरुजी म्हणाले. मग थोडे थांबून, मान ताठ करून त्यांनी आपले वाक्य सुधारले, "म्हणजे असं म्हणा, मी तिचा गुरू."