देवीची पाठवणी

"आन् पाठवणी कुटं हाय?"

केरबाआप्पांची बोटं लॅपटॉपच्या झाकणात होती. फिल्म संपली म्हणून शलाका झाकण मिटायला गेली, तर म्हाताऱ्यानं सरळ हातच मध्ये घातला.

शलाका चित्रकार, वर संशोधक. म्हणजे दोन्ही बाजूंनी हट्टी. आप्पा गोंधळी; त्यांच्या मागे गावोगाव फिरून तिनं देवीच्या गोंधळावर फिल्म केली होती. परवा पुण्यात पहिला खेळ. आप्पांनी हो म्हटल्याशिवाय ती दाखवायची नाही, हे तिनंच ठरवलेलं.

"पाठवणी म्हणजे?"

"गावोगावच्या देवी नावं घिऊन बोलावल्या. ते झ्याक दिसतंय. संबळ वाजला, दिवटी नाचली, कथा झाली… मग आरती करून, आपापल्या ठाण्याला जावा म्हनतो आमी. ते कुटं हाय?"

"ते कापलं, आप्पा."

"का गं?"

"तोवर लोक उठलेले असतात. कुणी चपला शोधतंय, कुणी सतरंजी गुंडाळतंय. पाहणारे कंटाळतील हो."

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काळ्या पडद्याकडे बघत राहिले, दारात पाहुणा ताटकळत उभा असावा तसे.

शलाकाला रडूच फुटलं. इतकी मेहनत, आणि नेमकं हेच आपल्याला दिसू नये!

"मग नाही दाखवत. पुसून टाकते सगळं."

"आत कोन हाय ते ठावं असून पुसतीस?"

तिनं डोळे पुसले. मग तिला सुचलं.

"तुम्हीच चला ना पुण्याला. फिल्म संपली की तिथं तुम्ही पाठवणी करा."

"म्या बोलावलेल्या म्या तवाच धाडल्या. ह्या फिलिममदल्या तू बोलावल्यास."

"मी?"

आप्पा उठले. कोनाड्यातली दिवटी काढली, फडक्यानं पुसली आणि तिच्या हातात दिली. पुसूनही ती तेलकटच होती. शलाकानं ती दोन्ही हातांनी धरली.

"आप्पा, मला आरती येत नाही. गळा नाही. मी गोंधळ्याच्या घरातली पण नाही…"

"आन् बोलवाया कुटं येत हुतं?"