उतरती वीज

“पण दिवसभर ती करते तरी काय, बाई?”

निशिकांतने हे हसतच विचारलं. आजारी माणसाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारा पंप त्याने तयार केला होता. इलेक्ट्रॉनिक्सचा श्रीगणेशा त्याने दमयंतीबाईंकडे गिरवला होता. म्हणून रुग्णालयांत माल जाण्याआधी पहिला पंप घेऊन तो कुडाळला त्यांच्या घरी आला होता. खरं तर शाबासकी घ्यायलाच आला होता.

बाईंनी पंप उघडला आणि आतल्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. व्होल्टेजवर नजर ठेवणारी तिळाएवढी चिप तिथे असायला हवी होती.

“नुसती बसून असते,” तो म्हणाला. “वर्षभर पंप चालवून पाहिला. तिच्यावाचून काही अडलं नाही. सगळं काम प्रोसेसरच करतो. टाकली काढून.”

बॅटरी काढून बाईंनी पंप टेबलावरच्या, व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या सप्लायला जोडला, सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि तो सुरू केला.

टप्... टप्...

मग सप्लायचं बटण त्या हळूहळू उलटं फिरवू लागल्या. वीज गेल्यावर बॅटरी जशी उतरत जाते, तसं व्होल्टेज उतरू लागलं.

“आता बंद पडेल,” निशिकांत म्हणाला.

बंद पडला नाही. एकाएकी मोटर घरघरली, सिरिंजचा दट्ट्या पुढे धावला आणि सगळं पाणी एका दमात टेबलावर सांडलं. पडद्यावरची अक्षरं फिकी झाली होती, पण वाचता येत होती. ‘सर्व ठीक.’

निशिकांतचा चेहरा उतरला.

“पाणीच होतं...” तो पुटपुटला.

“हो. आज पाणी होतं.”

...

तो अंगणात गेला. कारखान्यात फोन लावून म्हणाला, “एकही पंप बाहेर जाऊ देऊ नका. कारण आल्यावर सांगतो.”

परत आला तेव्हा बाईंनी आपल्या डब्यातून तशीच एक चिप काढून ठेवली होती. त्याने ती स्वतःच सोल्डर करून जागेवर बसवली.

बाईंनी सिरिंज भरून पंप पुन्हा सुरू केला आणि बटण परत उलटं फिरवलं.

या वेळी व्होल्टेज फार उतरण्याआधीच मोटर गप्प झाली. दट्ट्या होता तिथेच राहिला.

“तिने प्रोसेसरला थोपवलं,” बाई म्हणाल्या आणि व्होल्टेज आणखी खाली नेत राहिल्या. पडदा विझला. निशिकांतने मीटरची टोकं चिपला टेकवून पाहिली. ‘थांब’ हा तिचा इशारा अजून कायम होता.

आणखी खाली... तरीही कायम.

मग बाईंनी व्होल्टेज पुन्हा वर आणलं. क्षणभर काहीच झालं नाही. वीज स्थिरावली, तेव्हाच चिपने प्रोसेसरला मोकळं केलं आणि पडदा उजळला.

निशिकांत त्या काळ्या ठिपक्याकडे बघतच राहिला. बोलला तेव्हा गाभाऱ्यात बोलावं तसा आवाज आपोआप खाली आला होता.

“बाई, वीज उतरली आणि एवढा हुशार प्रोसेसर भ्रमिष्ट झाला. ही पण त्याच विजेवर जगते ना? मग ही शुद्धीवर कशी राहिली?”

बाईंनी सप्लाय बंद केला. फडकं घेऊन टेबलावरचं पाणी टिपलं...

“तिने गरजा वाढवल्या नाहीत.”