चिमटीचा पूल

एक ओढा होता. ओढ्याकाठी बीळ होतं. बिळात राहायची चिमटी आणि चिमटीची आई.

चिमटी म्हणजे खेकड्याचं पिल्लू. एवढंस्सं. बोराएवढं. चालायची कशी? तुरुतुरु, तिरकी तिरकी.

एका रविवारी चिमटी बाहेर खेळत होती. तेवढ्यात ओढ्यापाशी माणसं आली. त्यांना रानवाटेवर पूल बांधायचा होता. ओढा ओलांडायला छोटासा पूल. त्यांनी एक मोठी फळी आणली. ठेवली कुठे? बरोब्बर बिळाच्या तोंडावर. धप्प!

आत आई. बाहेर चिमटी. चिमटीला रडूच आलं.

"फळीबाई फळीबाई, हल."
"मी नाही हलत. काका उचलतील तर हलेन."

चिमटी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. जयवंतकाका कमरेवर हात ठेवून उभे होते.

"काका काका, उचला.
फळी हलेना,
मी घरी जाऊ कशी?"
"मी नाही उचलत. दोरी मिळेल तर उचलेन."

चिमटी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. दोरीला पडली होती गाठ. गाठीवर आणखी गाठ.

"दोरी दोरी, सूट.
काका उचलेनात,
फळी हलेना,
मी घरी जाऊ कशी?"
"मी नाही सुटत. मावशी सोडवतील तर सुटेन."

चिमटी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. निर्मलामावशी माती वाहून वाहून दमल्या होत्या. दगडावर बसल्या होत्या.

"मावशी मावशी, सोडवा.
दोरी सुटेना,
काका उचलेनात,
फळी हलेना,
मी घरी जाऊ कशी?"
"मी नाही सोडवत. चहा मिळेल तर सोडवेन."

मोठ्या माणसांचं हे असं असतं. चिमटी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. चहा पातेल्यात गारेगार बसला होता.

"चहा चहा, उकळ.
मावशी सोडवेनात,
दोरी सुटेना,
काका उचलेनात,
फळी हलेना,
मी घरी जाऊ कशी?"
"मी नाही उकळत. चूल पेटेल तर उकळेन."

पातेल्याखालीच होती चूल. तीन दगडांची. राखेत एकच निखारा.

"चूलबाई चूलबाई, पेट.
चहा उकळेना,
मावशी सोडवेनात,
दोरी सुटेना,
काका उचलेनात,
फळी हलेना,
मी घरी जाऊ कशी?"
"मी नाही पेटत. काटकी येईल तर पेटेन."

चिमटीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कोणाला सांगायचं? कोणीच उरलं नव्हतं.

मग तिने आपल्या नांग्या पाहिल्या. शेजारचं वाळकं झुडूप पाहिलं.

कचक! काटकी तुटली. कचक! कचक! आणखी तुटल्या. चिमटीने त्या ओढत ओढत चुलीत नेल्या.

चूल पेटली, भुरुभुरु.
चहा उकळला, खदखद.
मावशींनी प्यायला, फुर्र फुर्र. मग गाठ सोडवली.
दोरी सुटली, सर्रर्र.
काकांनी फळी उचलली, हैय्या हो!
फळी हलली. फळी ओढ्यावर जाऊन बसली. ठाक ठोक, ठाक ठोक. झाला पूल!

आणि बिळातून कोण आलं? आई. चिमटी जाऊन तिला बिलगली. केवढा आनंद झाला दोघींना.

पुलावर लाल फीत बांधली. सगळे जमले. पण कात्री राहिली घरी. काका मावशींकडे बघतात, मावशी काकांकडे बघतात.

काका म्हणाले,
"कात्री येईना,
फीत तुटेना,
आम्ही पुलावर जावं कसं?"

"सरका बघू," चिमटी म्हणाली.

कचक!

फीत तुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नव्या पुलावरून पहिल्यांदा कोण गेलं? चिमटी. तिच्यामागे आई. आईमागे काका. काकांमागे मावशी. आणि सगळे कसे गेले?

तुरुतुरु, तिरके तिरके.