थांब म्हटल्यावर

"थांबवून दाखवू का, बाबा?"

दादाने मनगट माझ्यापुढे केलं. म्हणाला, धर नाडी.

सौमित्र, माझा सख्खा भाऊ. दर्ग्यामागे राहणाऱ्या करीमबाबांकडे श्वासाचं शिकायला यायचा, आणि आता म्हणत होता, माझं हृदय माझं ऐकतं. आईच्या ठोक्यांच्या गोळ्यासुद्धा त्याने परवा बंद केल्या. मी शिकवीन तिला, म्हणे. बाबांशिवाय कुणाचं ऐकत नाही, म्हणून मीच त्याला इथे ओढत आणला होता.

नाडी लागत होती... लागत होती... आणि गेली.

शप्पथ, गेली. आणि हा समोर मजेत हसतोय.

अंगणात कुणाच्या तरी नवसाची कंदुरी होती, बकरा आत्ताच कापला होता. बाबा तिकडे गेले आणि ओंजळीत काहीतरी घेऊन आले.

"दोन्ही हात पुढे कर, बेटा."

दादाने केले. तर सदऱ्यातून एक लिंबू निसटलं आणि चटईवर गडगडत गेलं.

म्हणजे बगलेत लिंबू दाबायचं, की हातातली नाडी बंद... आणि मी येडी रडकुंडीला आलेली.

बाबांनी लिंबाकडे बघितलंसुद्धा नाही. ओंजळीतलं दादाच्या हातावर ठेवलं.

बकऱ्याचं हृदय. आणि ते चालू होतं. डोकं नाही, धड नाही, कशाला म्हणून जोडलेलं नाही, तरी आपलं आकसतंय, सुटतंय, परत आकसतंय...

"सांग याला थांबायला."

दादा अगदी बारीक म्हणाला, "थांब."

ते चालूच.

मग दमत गेलं... आणि थांबलं. दादाने काही न म्हणता.

बाबांनी ते उचलून परातीत ठेवलं. दादाचा रक्ताळलेला हात धरून त्याच्याच छातीवर दाबला. आत कसलं धडधडत होतं, मला सदऱ्यावरून दिसत होतं.

"हे थांबव."

दादाने डोळे मिटले. पण धडधड काही थांबेना...

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, घरी फोन लाव, गोळ्या माझ्या खोलीतल्या बॅगेत आहेत, आईला आत्ताच्या आत्ता घ्यायला सांग.

मी फोन लावला. तो तसाच, छातीवर हात.

"कुणाचंच ऐकत नाही का हे, बाबा?"

बाबांनी वाकून लिंबू उचललं, त्याच्या खिशात टाकलं.

"ऐकतं की. लिंबू पडलं, ते बरोबर ऐकलं. तेव्हापासून धडधडतंय."