शिंजिराची काडी

एक होता शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी. चोच बाकदार.
यसूमावशीच्या जास्वंदीवर रोज यायचा. भुर्र भुर्र!
लाल फुलात चोच घालायचा. चुळुक चुळुक! मध प्यायचा.

एके दिवशी ढवळी शेळी सुटली. करम करम! अख्खी जास्वंद खाल्ली.
उरली एक काडी. तीही तुटून पडलेली.
शिंजीर उपाशी.

"काडीताई, काडीताई, फूल दे."
"मला मूळ नाही. फूल कुठून देऊ? माती धरेल, तर रुजेन."

भुर्र भुर्र! शिंजीर मातीकडे गेला.
"मातीबाई, मातीबाई, काडी धर.
काडी रुजेना, मला फूल मिळेना!"
"मी कोरडी. मी टणक. पाणी भिजवेल, तर धरीन."

भुर्र भुर्र! शिंजीर पाण्याकडे गेला.
"पाणीदादा, पाणीदादा, माती भिजव.
माती धरेना, काडी रुजेना, मला फूल मिळेना!"
"मी बादलीत. मला पाय आहेत का? मावशी ओतेल, तर भिजवीन."

भुर्र भुर्र! शिंजीर मावशीकडे गेला.
"यसूमावशी, यसूमावशी, पाणी ओत.
पाणी भिजवेना, माती धरेना, काडी रुजेना, मला फूल मिळेना!"
"आधी ती ढवळी! मोकळी राहिली तर काडीही खाईल. दावणीला येईल, तर ओतीन."

भुर्र भुर्र! शिंजीर शेळीकडे गेला.
"ढवळे, ढवळे, दावणीला ये.
मावशी ओतेना, पाणी भिजवेना, माती धरेना, काडी रुजेना, मला फूल मिळेना!"
"जा रे, चिमटीभर! मला अजून जास्वंद हवी."
"कुठली जास्वंद? तूच संपवलीस. काडी रुजली नाही, तर तुलाही नाही."
"कधीच नाही?"
"कधीच नाही."
ढवळीने कान पाडले. टक टक टक टक! दावणीला आली.

ढवळी आली, मावशीने ओतलं.
मावशीने ओतलं, पाण्याने भिजवलं.
पाण्याने भिजवलं, माती मऊ झाली.
मावशीने काडी खोचली. बूड खाली, शेंडा वर.
मातीने घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी शिंजीर हजर.
"मावशी, मूळ आलं का? उपटून बघू?"
"खबरदार! उपटशील, तर मूळ तुटेल. गप बस."
शिंजीर गप बसला. शेजारचा शेवगा नुकता फुलला होता, त्याच्यावर भूक भागवली. पण रोज आला. काडीला चोच लावली नाही.

खाली मूळ फुटलं. कुणाला दिसलं नाही.
वर पान फुटलं. सगळ्यांना दिसलं.
मग फांदी. मग कळी. मग, टप्प! लाल फूल.

पहिलं फूल शिंजिराचं. चुळुक चुळुक! पोटभर मध.
ढवळीलाही पान मिळालं.
एकच.
दावं आखूड होतं.